पदवीच्या वर्गात संगणकीय रसायनशास्त्र: छोटा रेणू, साधे यंत्र आणि एका प्रॅक्टिकलचा वेळ

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला संगणकीय रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके सुरू करायची आहेत. गॉसियन या विकतच्या गणन-प्रोग्रॅमचा परवाना घेण्याइतका निधी विभागाकडे नाही, दहाबारा जुने संगणक आहेत, इंटरनेटचा भरवसा नाही आणि बरेच विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले आहेत. अशा परिस्थितीत कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे आपण विचारले आहे. सॉफ्टवेअरविषयी मी पुढे सविस्तर लिहितोच, परंतु आधी एक आग्रहाचे सांगणे आहे. सॉफ्टवेअरची निवड सर्वांत शेवटी करावी. आधी रसायनशास्त्रातला एक नेमका प्रश्न निवडावा, मग त्यासाठी पुरेल असा लहानात लहान रेणू, मग त्या रेणूला झेपेल अशी पद्धत, आणि मग ती पद्धत ज्यात आहे असे साधन. अनेक विभागांत याच्या उलट क्रमाने काम होते. एखादे मोठे पॅकेज कसेबसे इन्स्टॉल होते, शिक्षक उत्साहाने एखादा औषधी रेणू त्यात घालतात, गणन तास संपला तरी चालूच राहते आणि विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये फक्त रंगीत चित्र चिकटवले जाते. आकडा प्रॅक्टिकलच्या वेळेतच हाती येणे आणि तो पुस्तकातल्या प्रायोगिक मूल्याशेजारी मांडता येणे, या दोन अटी पूर्ण होत असतील तरच ते साधन पदवीच्या वर्गासाठी सुलभ आहे, असे मी मानतो.

सुरुवात तर कोणत्याही पॅकेजशिवाय होऊ शकते. हकेल पद्धत, म्हणजे एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या रेणूंतल्या पाय-इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा काढण्याची साधी रीत, अभ्यासक्रमात असतेच. ब्युटाडाईनचा निश्चयक (डिटर्मिनंट) फळ्यावर मांडून विद्यार्थी त्याची बीजे काढतात. तेच चार बाय चारचे मॅट्रिक्स पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत नमपाय या गणिती संचाला दिले की १.६१८, ०.६१८, −०.६१८ आणि −१.६१८ ही चार मूल्ये क्षणात मिळतात, त्यांवरून विस्थानीकरणाची ऊर्जा (इलेक्ट्रॉन सगळ्या रेणूभर पसरल्याने मिळणारी जादा स्थिरता) ०.४७२ बीटा येते, बीटा हे या पद्धतीतले ऊर्जेचे एकक, आणि हाताने काढलेल्या उत्तराशी ती जुळते. मग बेंझीनचे सहा बाय सहाचे मॅट्रिक्स द्यावे. ते हाताने सोडवायला कोणी बसत नाही, पण इथे फक्त दोन ओळी वाढतात आणि उत्तर २ बीटा येते. त्यानंतर सायक्लोब्युटाडाईन दिले की विस्थानीकरणाची ऊर्जा शून्य येते, आणि ॲरोमॅटिकपणाची चर्चा आपोआप सुरू होते. या एका प्रात्यक्षिकातून विद्यार्थ्याला हे कळते की संगणक वेगळे काही करत नाही, आपणच लिहिलेले समीकरण तो सोडवतो. पुढच्या सर्व गणनांकडे पाहण्याची त्याची दृष्टी यावर ठरते, म्हणून हे प्रात्यक्षिक कधीही गाळू नये.

दुसऱ्या टप्प्यावर पाण्याचा रेणू घ्यावा. पाणी फार साधे वाटते म्हणून शिक्षक ते टाळतात, पण पदवीच्या वर्गासाठी इतका श्रीमंत रेणू दुसरा नाही. हार्ट्री-फॉक या क्वांटम गणनाच्या मूलभूत पद्धतीने त्याची भूमिती दोनदा काढून घ्यावी, एकदा एसटीओ-३जी या किमान बेसिस सेटमध्ये (बेसिस सेट म्हणजे ज्या फलनांतून कक्षक बांधले जातात त्यांचा संच) आणि एकदा ६-३१जी(डी) मध्ये. पहिल्या वेळी बंधकोन १००.० अंश येतो आणि बंधलांबी ०.९९० अँगस्ट्रॉम, तर दुसऱ्या वेळी कोन १०५.५ अंश आणि लांबी ०.९४७ अँगस्ट्रॉम. प्रायोगिक मूल्ये १०४.५ अंश आणि ०.९५८ अँगस्ट्रॉम आहेत. जुन्यातल्या जुन्या संगणकावरही हे गणन काही सेकंदांचे आहे, त्यामुळे उरलेला सगळा वेळ विचाराला मिळतो. पहिल्या गणनात ऊर्जा सुमारे −७४.९६६ हार्ट्री (अणुपातळीवरचे ऊर्जेचे एकक) दिसते आणि दुसऱ्यात −७६.०११. इथे हमखास कोणीतरी म्हणते, की दुसऱ्या वेळचे पाणी जास्त स्थिर आहे. ही चूक वर्गात उघडपणे होऊ द्यावी. पाणी एकच आहे, तरंगफलनाला हालचालीची मुभा जास्त मिळाली म्हणून ऊर्जा खाली आली, हे व्हेरिएशन तत्त्व विद्यार्थ्याने क्वांटम रसायनशास्त्राच्या पेपरात लिहिलेले असते. ते आता त्याच्यासमोर आकड्यांत उभे राहते.

यानंतर त्याच रेणूच्या कंपनांचे गणन करावे. तीन अणूंच्या अरेषीय रेणूला तीन कंपने असतात, हे सूत्राने माहीत असते. अवोगॅड्रो किंवा जेमॉल या रेणू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमांमध्ये ती तिन्ही हलताना दिसतात. ६-३१जी(डी) मध्ये हार्ट्री-फॉक पद्धत त्यांच्या तरंगसंख्या अंदाजे १८२७, ४०७० आणि ४१८९ प्रति सेंटिमीटर देते. प्रयोगात त्या १५९५, ३६५७ आणि ३७५६ आहेत. तिन्ही आकडे वरच्याच बाजूला चुकले आहेत, आणि हे का, याला ठोस उत्तर आहे. या पद्धतीत इलेक्ट्रॉनांचा परस्पर सहसंबंध धरलेला नसतो, त्यामुळे बंध प्रमाणाबाहेर ताठ होतात. शिवाय गणन संनादी दोलकाचे असते आणि खरा बंध तसा नसतो. या पद्धतीसाठी ०.८९२९ हा गुणक रूढ आहे. त्याने गुणल्यावर १६३१, ३६३४ आणि ३७४० मिळतात. ताणाची दोन कंपने प्रयोगाच्या जवळ आली, वाकण्याचे कंपन मात्र अजून ३६ ने वर राहिले. असे का, हा प्रश्न मी दरवर्षी तोंडी परीक्षेत विचारतो. एकच गुणक सर्व प्रकारच्या कंपनांना सारखाच लागू पडण्याचे कारण नाही, इथपर्यंत विद्यार्थी स्वतः पोहोचला तर त्याला प्रतिमानाची मर्यादा समजली, असे खुशाल समजावे.

अमोनियाचे प्रात्यक्षिक याला जोडूनच घ्यावे. विद्यार्थ्यांना मुद्दाम चारही अणू एकाच प्रतलात ठेवून, पंख्याच्या पात्यांप्रमाणे १२० अंशांवर हायड्रोजन मांडून, भूमिती काढायला सांगावी. रेणू सपाटच राहतो आणि प्रोग्रॅम काम यशस्वी झाल्याचे कळवतो. प्रतलाबाहेर ढकलणारे बलच सममितीमुळे शून्य असते, म्हणून तो तिथे अडकतो. नंतर कंपने काढली की एक तरंगसंख्या काल्पनिक येते. ऑर्का आणि गॉसियन हे गणन-प्रोग्रॅम ती उणे चिन्हाने छापतात. ते कंपन पडद्यावर चालवून पाहिले की नायट्रोजन प्रतलातून वर येताना आणि हायड्रोजन खाली जाताना दिसतात, म्हणजे रेणू स्वतःच सांगतो की मला पिरॅमिड व्हायचे आहे. एक अणू किंचित उचलून पुन्हा गणन केले की तो खाली घसरतो. या दोन रचनांच्या ऊर्जेतला फरक हाच अमोनियाच्या छत्रीउलट हालचालीचा (पिरॅमिड छत्रीसारखा दुसऱ्या बाजूला उलटण्याचा) अडसर, आणि प्रयोगातून तो सुमारे २४ किलोज्यूल प्रतिमोल मिळतो. संक्रमण अवस्था म्हणजे काय, हे सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वर्गात टेकडीचे चित्र काढून आपण वर्षानुवर्षे शिकवतो. इथे ती टेकडी विद्यार्थी स्वतः मोजतो.

आता साधनांकडे येतो. रेणू काढण्यासाठी आणि परिणाम पाहण्यासाठी अवोगॅड्रो घ्यावे. ते खुले आहे, जुन्या संगणकावर चालते, आणि गॉसियन, ऑर्का, साय-फोर, गेमेस, मोपॅक अशा अनेक प्रोग्रॅमांसाठी इनपुट फाइल तयार करून देते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. त्यातले ‘ऑप्टिमाइझ’ बटण साधारणपणे एमएमएफएफ९४ किंवा यूएफएफ यांसारख्या बलक्षेत्रावर, म्हणजे बंधांना स्प्रिंगसारखे धरणाऱ्या सूत्रांवर, चालते. ती यांत्रिकी आहे, क्वांटम गणन नव्हे, आणि तिथल्या ऊर्जेवरून दोन वेगळ्या रचनासूत्रांच्या समघटकांची तुलना करता येत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगावे.

गणनाच्या इंजिनांमध्ये पदवीच्या वर्गासाठी मी तीन नावे सुचवीन. पहिले एक्सटीबी. बॉन येथील ग्रिमे यांच्या गटाने तयार केलेली जीएफएन२ ही अर्ध-अनुभवाधिष्ठित (काही आकडे आधीच बसवून घेऊन गणन हलके करणारी) पद्धत यात आहे. ती रेडॉनपर्यंतच्या सर्व मूलद्रव्यांना लागू पडते, विंडोजवर चालते, आकाराने लहान आहे, आणि ॲस्पिरिनसारखा २१ अणूंचा रेणू जुन्या लॅपटॉपवरही काही सेकंदांत सोडवते. रचना आणि संरूपण (बंध फिरवून मिळणारी रेणूची रूपे) यांची प्रात्यक्षिके यावर होतात. दुसरे साय-फोर आणि तिसरे पायएससीएफ. दोन्ही खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे पेन ड्राइव्हवरून प्रत्येक संगणकावर आणि विद्यार्थ्यांच्या घरच्या यंत्रावर द्यायला कायद्याने अडचण नाही. पायएससीएफ थेट विंडोजवर चालत नाही, त्याला लिनक्स किंवा विंडोजमधली लिनक्सची सोय लागते. साय-फोर विंडोजवरही बसते. ऑर्का उत्तम आहे आणि शैक्षणिक कामाला विनामूल्य आहे, पण प्रत्येक वापरकर्त्याने नोंदणी करून अटी मान्य कराव्या लागतात आणि डिस्कवर जागाही बरीच लागते. म्हणून ते शिक्षकाने आणि प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी वापरावे. संपूर्ण बॅचच्या संगणकांवर सरसकट टाकू नये.

इंटरनेटचा प्रश्न आपण मांडला आहे, त्यावर पुष्कळ जण गूगल कोलॅब, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवर ब्राउझरमधून पायथन चालवण्याची सोय, सुचवतील. कोलॅबमध्ये पायएससीएफ एका ओळीत बसते आणि विद्यार्थ्याच्या मोबाइलवरही चालते, हे खरे आहे. पण सत्र तुटले की फाइली जातात, आणि एकाच जोडणीवर वीस जण एकदम आले की प्रॅक्टिकलचा अर्धा वेळ वाट पाहण्यात जातो. म्हणून कोलॅब घरच्या अभ्यासाला ठेवावे. वर्गासाठी माझी पसंती वेगळी आहे: विभागातला एकच संगणक जरा चांगला घ्यावा, १६ जीबी मेमरीचा पुरेल, त्यावर लिनक्स टाकून ‘लिटलेस्ट ज्युपिटरहब’ (अनेकांना ब्राउझरमधून एकाच सर्व्हरवर पायथन वापरू देणारा प्रोग्रॅम) बसवावा, आणि साध्या वाय-फाय राउटरने प्रयोगशाळेतले बाकीचे संगणक त्याला जोडावेत. हा ज्युपिटरहब एकाच यंत्रावर शंभरेक वापरकर्त्यांपर्यंतच्या वर्गासाठी तयार केलेला आहे. बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी आतले जाळे चालते, जुन्या संगणकांवर फक्त ब्राउझर लागतो, आणि सॉफ्टवेअर सुधारायचे झाले तर एकाच ठिकाणी सुधारावे लागते. ज्यांना पायथनचा पडदा समोर नको असेल त्यांनी वेबएमओ पाहावे. त्यात रेणू ब्राउझरमध्येच काढता येतो, काम सर्व्हरकडे जाते आणि परिणाम तिथेच दिसतात. माझा अनुभव असा, की पहिली दोन-तीन प्रात्यक्षिके बटणांच्या पडद्यावर घ्यावीत आणि मग एका प्रात्यक्षिकात इनपुट फाइल उघडून दाखवावी. प्रभार, बहुकता (न जोडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरून ठरणारा आकडा), पद्धत, बेसिस सेट आणि अणूंचे सहनिर्देशक, यापलीकडे तिच्यात फारसे काही नसते, आणि ती भीती एकदा गेली की विद्यार्थी पुढे कोणताही प्रोग्रॅम शिकू शकतो.

प्रत्यक्षात बॅच जिथे अडते ती कारणे फार लहान असतात. विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट (एक्स्टेंशन) लपवते, त्यामुळे नोटपॅडमध्ये जतन केलेल्या इनपुट फाइलला मागे ‘टीएक्सटी’ लागलेले विद्यार्थ्याला दिसत नाही आणि प्रोग्रॅमला फाइल सापडत नाही. फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरे असतील तर काही प्रोग्रॅम तिथेच थांबतात. म्हणून सी ड्राइव्हवर थेट रोल नंबरच्या नावाचे छोटे फोल्डर करून द्यावे आणि शेपूट दाखवण्याची सोय सर्व यंत्रांवर आधीच चालू करून ठेवावी. प्रभार आणि बहुकता चुकीची भरली की येणारा संदेश इंग्रजीत आणि त्रोटक असतो. असे नेहमीचे आठदहा संदेश, त्यांचा मराठीत अर्थ आणि उपाय, एका पानावर छापून प्रत्येक संगणकाशेजारी लावून ठेवावेत. माहितीपुस्तिकेपेक्षा हे एक पान जास्त उपयोगी पडते. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जेमॉल आणि अवोगॅड्रोवरील छोटे ध्वनिचित्रपाठ आहेत, आणि या प्रकल्पाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत केले जातात. ते आधी उतरवून घेऊन प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी दाखवावेत.

एक गोष्ट शिक्षकांनाही चकवते. एकाच नावाची पद्धत दोन प्रोग्रॅमांत नेमकी तीच असेलच असे नाही. ६-३१जी(डी) मध्ये गॉसियन सहा कार्टेशियन डी-फलने घेते, ऑर्का पाच शुद्ध डी-फलने घेते. बी३एलवायपी या फलनकाची (घनता फलनक पद्धतीतल्या एका लोकप्रिय सूत्राची) ऑर्कातली मूळ व्याख्याही गॉसियनपेक्षा थोडी वेगळी आहे. त्यामुळे ऊर्जा दशांशाच्या पुढच्या घरांत जुळत नाहीत, आणि बहिःस्थ परीक्षकांनी जुन्या उत्तराशी ताडून गुण कापले तर विद्यार्थ्यावर अन्याय होतो. उत्तरपत्रिकेत प्रोग्रॅमचे नाव आणि आवृत्ती लिहिणे सक्तीचे करावे. एकूण ऊर्जेला गुणच देऊ नयेत; फरकांना द्यावेत, कारण रसायनशास्त्र फरकांत असते.

चित्रांबद्दलही काळजी घ्यावी लागते. कक्षकाच्या चित्रातले लाल आणि निळे भाग तरंगफलनाचे चिन्ह दाखवतात, तर स्थिरविद्युत विभवाच्या नकाशात लाल म्हणजे इलेक्ट्रॉनसमृद्ध भाग. दोन्ही चित्रे एकाच तासात लागोपाठ दाखवली की विद्यार्थी कक्षकाचा लाल भाग ऋणप्रभारित समजतात आणि तो समज पुढे एम.एस्सी.पर्यंत टिकतो. कक्षकांसाठी नारिंगी आणि निळा अशी जोडी ठेवली तर हा घोळ टळतो, आणि लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या विद्यार्थ्यालाही चित्र वाचता येते.

गणनाची ताकद कमी असेल तर काम वाटून घ्यावे. ब्युटेनचा मधला बंध ० ते १८० अंशांपर्यंत तीस-तीस अंशांनी फिरवला तर सात बिंदू होतात. प्रत्येक जोडीने एक बिंदू सोडवावा, ऊर्जा फळ्यावर लिहावी आणि आलेख सर्वांनी मिळून काढावा. गॉश रूप (टोकाचे कार्बन ६० अंशांच्या आसपास) अँटीपेक्षा (टोकाचे कार्बन १८० अंशांवर) ३.८ किलोज्यूल प्रतिमोल वर धरले आणि २९८ केल्विनला बोल्ट्झमानचे सूत्र लावले, तर गॉश दोन प्रकारे मिळते हे लक्षात घेऊन अँटी रूपाचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास येतो. हा आकडा पाठ्यपुस्तकात छापलेला असतो, पण तो कुठून आला हे या तासाला कळते. मोठे काम तुकडे करून सोडवण्याची परंपरा आपल्याकडे संशोधनातही आहे. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने विकसित केलेली मॉलिक्युलर टेलरिंग पद्धत मोठा रेणू एकमेकांवर पडणाऱ्या तुकड्यांत विभागते, तुकड्यांची गणने करते आणि त्यांवरून सबंध रेणूचे गुणधर्म जोडते. हार्ट्री-फॉकचा खर्च तत्त्वतः आकाराच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे रेणू दुप्पट केला की काम सोळापट होते. म्हणूनच असे तुकडे करणे फायद्याचे ठरते, हे विद्यार्थ्यांना स्वतः वेळ मोजून दाखवता येते. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन असे चढत जाऊन प्रत्येक गणनाचा वेळ नोंदवायला सांगावा. लहान रेणूंत घात चारपेक्षा कमी दिसेल, आणि तो का कमी दिसतो हेही विचारावे.

अभ्यासक्रमात जागा कुठून काढायची, या आपल्या शेवटच्या शंकेला सोपे उत्तर आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार झालेल्या रचनेत कौशल्य संवर्धनाचे जे दोन श्रेयांकांचे अभ्यासक्रम असतात, त्यांत हा विषय चपखल बसतो. स्वायत्तता नसेल तर भौतिक रसायनशास्त्राच्या सध्याच्या प्रात्यक्षिकांना तो जोडावा: ज्या दिवशी आयआर वर्णपट घेतला जातो त्याच आठवड्यात त्याच रेणूची कंपने काढावीत, म्हणजे वेगळा पेपर लागत नाही. मूल्यमापनात मी तीन गोष्टी पाहतो. विद्यार्थ्याने प्रश्न कसा मांडला, प्रायोगिक मूल्य कोणते आणि का निवडले, आणि आकडे जुळले नाहीत तेव्हा त्याने काय लिहिले. तिसऱ्याला सर्वांत जास्त गुण असावेत. जर्नलमध्ये छापील चित्र चिकटवण्याऐवजी इनपुटचे पान, अंतिम ऊर्जा, सर्वांत कमी तरंगसंख्या आणि चार-पाच वाक्यांचा निष्कर्ष एवढे मागावे, आणि निष्कर्ष मराठीत लिहायची मोकळीक द्यावी.

सत्र सुरू होण्यापूर्वी आपण स्वतः पाणी, अमोनिया आणि ब्युटेन ही तिन्ही प्रात्यक्षिके विद्यार्थ्यांच्याच संगणकावर, त्यांच्याच लॉगिनने, घड्याळ लावून एकदा पार पाडावीत. जे पाऊल पाच मिनिटांपेक्षा जास्त घेईल त्याचे परिणाम आधीच काढून सर्व्हरवर ठेवावेत आणि वर्गात फक्त वाचायला द्यावेत. सर्व्हरवरील प्रोग्रॅमच्या आवृत्त्या वर्षभर बदलू नयेत, आणि एका वहीत त्या लिहून ठेवाव्यात, म्हणजे आपली बदली झाली तरी पुढचे शिक्षक पहिल्या आठवड्यापासून वर्ग चालवू शकतील.